गुत्तेदाराच्या कोठीची मागची भिंत

आम्ही घोड्यांच्या तबेल्यात राहायचो. हे मी लाजून सांगत नाही आणि कुणाला कीव यावी म्हणूनही सांगत नाही. होतं ते असं होतं. कोठीच्या समोरच्या अंगाला बावीस खिडक्या आहेत, आमच्या खोलीला एकही नव्हती. घोड्यांना वारा लागावा म्हणून छपराजवळ दोन भोकं ठेवलेली, उजेड तेवढाच. तीन भिंती दगडाच्या, चौथी बानं पत्र्याची केलेली. खाली काळी माती. ही माती उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. माय दर आठ दिवसाला सारवायची आणि पाऊस लागला की ते सारवण आमच्या पायांना चिकटून दाराबाहेर जायचं. दप्तर खुंटीला, पिठाचा डबा खुंटीला, कपड्यांचं गाठोडं खुंटीला. माय म्हणायची, "या घरात माणसंच तेवढी खाली राह्यली."

मायला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, खाली सिमेंटचा कोबा. साखऱ्याला तिच्या माहेरी झाला होता, बहिणीकडं झाला होता. तिचा नवरा गवंडी आणि तीच शेणामातीत, हे तिला टोचायचं. अखेर बानं सिमेंटची दोन पोती आणून खोलीच्या कोपऱ्यात विटांवर ठेवली. वाळू यायची होती. तोवर माय त्या पोत्यांवर गोधडी पांघरून ठेवायची. पाव्हणे आले की म्हणायची, "तिथं बसू नका, माझा कोबा हाय तो."

आता कोठीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं.

निजामाच्या काळात आमच्या भागातून छोटी लाईन गेली तेव्हा या टापूतल्या भरावाचा आणि खडीचा गुत्ता, म्हणजे ठेका, एका माणसानं घेतला होता. त्यात तो एवढा वर आला की पुढं लाकडी स्लिपरांचा, पुलांचा, सगळाच गुत्ता त्याच्याकडं गेला. नाव घ्यायची गरज नाही, सगळे त्याला गुत्तेदारच म्हणतात. त्यानं आमच्या गावाच्या छोट्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर ही कोठी बांधली. माझा पणजा लाईनीच्या खडीवर दगड फोडायला होता, त्याला तिथून कोठीवर आणलं. आजा तिथंच चुन्याचं काम शिकला आणि आज्याकडून बा. समोरच्या सात पायऱ्या माझ्या पणज्यानं घडवल्या. त्या चढायची मुभा त्याला नव्हती. आमच्या माणसांसाठी मागच्या बाजूला गोल लोखंडी जिना होता, वरच्या मोऱ्या साफ करायला जाण्यापुरता.

कोठी बघितली की माणूस रेल्वेवाला होता हे लगेच कळतं. पुढचा व्हरांडा फलाटासारखा लांब आणि उंच. त्याच्या छपराला स्टेशनाला असते तशी लाकडाची कातरलेली झालर. कठड्याच्या लोखंडात आगगाडीच्या चाकांची नक्षी. आत मान वर केली तर छताला तुळया नाहीत, चक्क रूळ आहेत. दोन रुळांच्या मधे विटांची बुटकी कमान, पुन्हा रूळ, पुन्हा कमान, असं छत सगळ्या खोल्यांवर गेलंय. वर लाईनीकडं तोंड करून एक अर्धगोल खोली आहे. तिथं बसून गुत्तेदार हातात घड्याळ धरून गाडी वेळेवर आली का बघायचा म्हणे. आता लाईन मोठी झाली, गाड्या लांब झाल्या, पण त्या खोलीतून अजूनही शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी दिसते. मी शाळेचा अभ्यास तिथं केला. झाडायला मायसोबत जायचं आणि झाडून झालं की बसायचं.

भिंती दोन हात जाड, दगड आणि चुना. चुन्याचं बाला भारी कौतुक. चुना महिनाभर भिजवत ठेवायचा, घाण्यात दळायचा, गुळाचं पाणी घालायचं, हिरड्याचं पाणी घालायचं. गिलावा झाला, वाळला, की आज्याची एक रीत होती, तीच बाची. भिंतीला गाल लावायचा. गार लागली की म्हणायचं, "पाणी पिऊन राहिली." काही दिवसांनी पुन्हा लावायचा. कोरडी लागली की, "सोडलं." मी लहान असताना मलाही तो उचलून भिंतीला गाल लावायला सांगायचा.

मालक हैदराबादेत. गुत्तेदाराचा नातू. तो दोन-चार वर्षांत एकदा यायचा. सगळा कारभार शहरातला एक कारभारी बघायचा. बानं डागडुजी करायची, मायनं झाडलोट, त्या बदल्यात तबेला. मी आठवीत असताना कारभारी आला आणि म्हणाला, कोठी लग्नाला भाड्यानं द्यायची आहे, मागच्या भिंतीचा चुना पोपडे धरून राहिला आहे, तो खरवडून सिमेंट लाव.

बा म्हणाला, "चुन्यानंच करतो की, साहेब."

"अरे, चुन्याचं काय घेऊन बसलास? तुझ्या बापाचा जमाना गेला. लोकायला गुळगुळीत दिसाय पायजे."

इथं मी बाची बाजू घेऊन खोटं लिहिणार नाही. बाला आत कुठंतरी आनंद झाला होता. गावात बाकीचे गवंडी सिमेंटची कामं घेत होते आणि याला "चुनेवाला" म्हणून हसत होते. आपल्यालाही पक्कं काम येतं हे दाखवायची ही संधी होती. कारभाऱ्यानं सिमेंट पाठवलं. बानं जाड, कडक गिलावा केला, आरशासारखा घोटला. भिंत संपली. बानं गाल लावला. मी शेजारीच होते. विचारलं, "काय म्हणती?"

"काईच न्हाई म्हणत," बा म्हणाला आणि हसला. "सिमेट हाय. ते काय पिणार."

त्याच आठवड्यात कोपऱ्यातली दोन पोती दिसेनाशी झाली. मायनं विचारलं तर म्हणाला, ओल लागून दगड झाली होती, नाल्यात टाकली. मग तिनं पुन्हा सारवायला घेतलं.

दुसऱ्या पावसाळ्यात ती भिंत पडली.

आठ दिवसांची झड होती. दुपारची वेळ. माय त्या भिंतीखालच्या ओट्यावर भांडी घासत होती, कारण पन्हाळाचं पाणी तिथं पडायचं. मी शाळेतून येत होते. आवाज मोठा झाला नाही. बैलगाडीतून दगड ओततात तेवढाच. आधी गिलाव्याची एक अख्खी लादी सरकली आणि मागोमाग आतले दगड. मायच्या कमरेखाली सगळं होतं. गावातल्या लोकांनी तिला काढलं, हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. डावा पाय राहिला, पण पाय म्हणावा असा राहिला नाही.

कारभारी दुसऱ्या दिवशी आला. भिंत बघितली आणि बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर चार माणसांत म्हणाला, "सिमेट खाल्लं यानं. अर्धं लावलं, अर्धं इकलं. बायकोच्या पायावर आलं ना शेवटी."

ते वाक्य सगळीकडं गेलं. बाला सिमेंटखाऊ म्हणू लागले. पोरं मला शाळेत विचारायची, "काय गं, सिमेटाची भाकर गोड लागती का?"

बानं नांदेडच्या दवाखान्यात मायच्या खाटेजवळ सांगितलं, "खाल्लं न्हाई मी. उलटं आपली दोन पोती घातली त्याच्यात. मालकाची भित हाय, कमी पडाय नको म्हनून."

माय म्हणाली, "तुमीच तर म्हणले, दगड झाली म्हनून नाल्यात टाकली."

"खोटं बोललो तवा."

"काहून?"

"तुला कोबा पायजे व्हता. कोन्या तोंडानं सांगू, मालकाच्या भितीला लावला म्हनून?"

माय भिंतीकडं तोंड करून झोपली. तिनं विश्वास ठेवला की नाही हे मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगायचं तर मी ठेवला नव्हता. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलतोय हे चौदा वर्षांच्या पोरीनं कशावरून ओळखावं?

बाला त्यानंतर कुणी काम दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही. थापी, ओळंबा, घोटायचा दगड सगळं गोणपाटात गुंडाळून वर टाकलं आणि हळदीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हमालीला जाऊ लागला. तबेल्यातून मात्र कुणी काढलं नाही. पडकी भिंत पत्रे लावून झाकली आणि तिची राखण करायला आमच्याशिवाय कोण मिळणार होतं?

पडलेल्या गिलाव्याची ती मोठी लादी मागं तशीच पडून होती. माय काठीवर चालायला लागली तेव्हा तिनं शेजारच्या दोघांकडून ती सरकवून घेतली, चार दगडांवर आडवी टाकली आणि त्यावर धुणं धुवायला सुरुवात केली. एका शेजारणीनं विचारलं, "तुला काई वाटत न्हाई का गं?"

माय म्हणाली, "माझा पाय घेतला हिनं. आता माझी धुणी काढंल."

सात वर्षं ती त्या लादीवर धोपाटणं आपटत होती.

मी बारावी झाले. आमच्या वस्तीतली पहिली पोरगी जी इंजिनिअरिंगला गेली ती मी. शासनाच्या वसतिगृहात राहिले, कपड्यांच्या एका जोडीवर दोन पावसाळे काढले, पण सिव्हिल घेतलं ते स्वतःच्या मर्जीनं. मैत्रिणी म्हणायच्या, कम्प्युटर घे. मी म्हटलं, मला भिंती कळतात. ते खोटं होतं. मला एकच भिंत समजून घ्यायची होती.

तिसऱ्या वर्षी जुन्या इमारतींवर एक विषय होता. मॅडम सहज बोलून गेल्या की चुन्याच्या जुन्या भिंतीला श्वास लागतो. जमिनीतली, पन्हाळाची ओल ती घेते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचं कडक कातडं चढवलं तर ओल आत कोंडते, चुना भिजून भुगा होतो आणि मग एक दिवस कातडं आपल्या वजनानं खाली येतं, भिंतीला सोबत घेऊन. "आणि सिमेंट जेवढं जास्त," त्या म्हणाल्या, "तेवढं वाईट."

पुढचा तास मला ऐकू आला नाही.

सुट्टीत घरी गेले. माय बाजाराला कळमनुरीला गेली होती, बा मोंढ्यात. मी हातोडा घेऊन त्या लादीपाशी बसले. चोरानं केलेला गिलावा नखानं उकरता येतो. वाळूच असते ती. ही लादी सात वर्षं धोपाटणं खाऊन कोपऱ्यालासुद्धा उडाली नव्हती. हातोडा वाजत होता, ठण ठण. कसाबसा एक तुकडा काढला. मागच्या बाजूला भिंतीचा चुना चिकटलेला होता, कोरडा झालेला, पांढरा, बोटाला पिठासारखा लागणारा. पुरावा आमच्या दारात होता. त्यावर आम्ही कपडे धूत होतो.

तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून एस.टी.नं कॉलेजला नेला. प्रयोगशाळेत मशीनखाली ठेवला. मॅडम शेजारी उभ्या होत्या. काटा चढत गेला, चढत गेला आणि फार उशिरा तुकडा फुटला. त्यांनी कागदावर लिहून दिलं की यात सिमेंट नेहमीच्या गिलाव्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे. मग म्हणाल्या, "कुणी केलंय हे? हात सढळ होता त्याचा. तोच नडला."

मी तो कागद घेऊन वसतिगृहावर आले आणि घरी काहीच कळवलं नाही. चार महिने कळवलं नाही. का ते सांगते. त्या कागदानं बा चोर नाही हे सिद्ध होत होतं. पण त्याच कागदानं हेही सिद्ध होत होतं की मायचा पाय त्याच्या दोन पोत्यांनी गेला. तो चोर असता तर भिंत कदाचित आणखी काही वर्षं उभी राहिली असती. हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? दवाखान्यात त्यानं मायला विचारलेला प्रश्न आता मला पडला होता.

शेवटी घरी गेले आणि आधी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे घातलीच व्हती पोती."

"व्हय."

"सात वर्षं मी त्याला मनात चोर म्हणून राहिले गं." तिनं सूप खाली ठेवलं. "सांग त्याला. मी हाय हितं."

बा संध्याकाळच्या आत आला. मोंढ्यातून येताना तो मानेपर्यंत पिवळा असायचा. हळद कानात, भुवईत. माय रोज म्हणायची तेच म्हणाली, "आले बघा नवरदेव." तो हात धुऊन बसला. मी कागद काढला आणि वाचून, समजावून सगळं सांगितलं. अर्धं लपवून सांगितलं नाही.

तो हाताच्या रेषांतली हळद काढत बसला. मग विचारलं, "चुना असता तर?"

"ओली झाली असती. वाळली असती."

"पडली नसती."

"न्हाई."

"अन् माझी दोन नसती तर?"

मी मायकडं बघितलं. "इतक्या लौकर न्हाई पडली असती."

"गाल लावला व्हता मी," तो म्हणाला. "काईच बोलली न्हाई भित. तवाच कळाय पायजे व्हतं. माझ्या बापाला कळलं असतं."

मग तो रडला. मी त्याला तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं. माय काठी टेकत उठली, त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या आदळला आणि म्हणाली, "माझा कोबा माझ्यावरच आणून टाकला, अन् रडायचं बी तुमीच व्हय?" त्याला हसू आलं की हुंदका, ते कळलं नाही. पण तो पाणी प्याला.

मी तो कागद घेऊन टपरीवर गेले. कारभारी तिथं असण्याचा दिवस धरूनच गेले. चार माणसांत त्यानं म्हटलं होतं, मी आठ-दहा जणांत वाचला. वाचून झाल्यावर तो चहा संपवत म्हणाला, "म्हंजे तुझा बाप चोर न्हाई, येडा हाय."

काहीजण हसले. माफी त्यानं मागितली नाही, अजून मागितलेली नाही. पण सिमेंटखाऊ हा शब्द मी त्या दिवसानंतर गावात ऐकला नाही.

पदवी झाल्यावर मी मालकाला हैदराबादेला पत्र लिहिलं. भिंतीचे फोटो, तो कागद आणि मी काढलेला आराखडा जोडला. भिंत पुन्हा बांधायची तर चुन्यातच, आणि गवंडी हाच. पाच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, करा म्हणून. मालकाला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. जुन्या कोठीत लग्न करायची आता लोकांना हौस आली आहे, एवढंच.

कोठीमागं घाण्याचं दगडी चाक निम्मं जमिनीत गेलं होतं, ते खोदून काढलं. शिरड शहापूरहून एकाची बैलजोडी आणली. बा परांचीवर चढला. पहिल्या दिवशीचा सगळा गिलावा त्यानं स्वतःच खरवडून काढला. "हमालाचा हात झाला माझा," म्हणाला. दुसऱ्या दिवशीचाही काढला. तिसऱ्या दिवशीचा ठेवला. उरलेल्या चुन्यात त्यानं आमच्या खोलीत कोबा केला. मायनं त्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तो चांगला नाही, डावा.

त्या वर्षी पावसाची झड लागली आणि तिसऱ्या दिवशी माय भांडी घेऊन त्या भिंतीखाली ओट्यावर जाऊन बसली. बा धावत गेला. "ऊठ तिथून. ऊठ म्हणतो ना."

"काहून? चुना हाय ना?"

"हाय, पण तरी."

"मंग लावा गाल. सांगा मला काय म्हणती."

बानं भर पावसात भिंतीला गाल लावला. पन्हाळाचं पाणी त्याच्या मानेवर पडत होतं. माय भांडी घासत राहिली, वर न बघता.

"पिऊन राहिली," तो म्हणाला.

पावसाळा संपल्यावर त्यानं पुन्हा गाल लावला, तेव्हा भिंत कोरडी होती.

मायचा पाय तसाच आहे, तो बरा होणार नाही. भिंतीला तीन पावसाळे झाले. कामाच्या कागदावर गवंडी म्हणून माझ्या बापाचं नाव आहे आणि आराखड्याखाली इंजिनिअर म्हणून सही माझी आहे.